काळाची चिन्हे आणि दारचा परका

प्रत्येक पिढीस आपलाच काळ शेवटचा वाटतो. दुष्काळ पडला, साथ आली, राज्य उलथले, आकाशात काही अपूर्व दिसले, की 'आता अंत जवळ आला' असे म्हणणारे लोक पुढे येतात आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारेही पुष्कळ मिळतात. पूर्वी हे बोलणे उपदेशकाच्या तोंडून किंवा छापील पत्रकातून कानी येई. हल्ली ते मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर येते. अमुक सणास ग्रहण लागले, अमुक राष्ट्रात युद्ध पेटले, तेव्हा प्रभूचे द्वितीयागमन अमुक वर्षी होणारच, असा हिशेब त्यात मांडलेला असतो. २०२० सालच्या महामारीत असल्या संदेशांचा सुळसुळाट झाला होता. मग वर्गातील एखादा सरळ मनाचा मुलगा विचारतो, 'जग संपणारच असेल तर शिकायचे कशाला?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ह्या वार्षिकाच्या पानांतून विद्यार्थी व त्यांचे पालक ह्या दोघांसमोरही त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटले.

आरंभीच आमचे मत स्पष्ट सांगतो. राष्ट्रांच्या इतिहासात व धर्मातील सणांत देवाच्या अखेरच्या हेतूची खूण शोधणे हे ख्रिस्ती मनुष्यास वर्ज्य नाही. किंबहुना त्याच्या धर्माचा तो स्वभावच आहे. तथापि ज्या शोधाने मनुष्य तिथी मोजू लागतो आणि शेजाऱ्यास विसरतो, तो शोध वाट चुकलेला होय.

प्रथम ह्या शोधाचे मूळ पाहू. पवित्र शास्त्रातील सण शेताच्या हंगामाशी बांधलेले आहेत, तसेच ते इतिहासाशीही बांधलेले आहेत. वल्हांडण हा मिसर देशातील दास्यातून सुटकेचा स्मरणदिन. मांडवांचा सण म्हणजे रानातील प्रवासात पूर्वज झोपड्यांत राहिले त्याची आठवण. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात असे सात सण क्रमाने सांगितले आहेत. ख्रिस्ती भाष्यकारांनी त्यांत येशूच्या चरित्राची पूर्वछाया पाहिली. वल्हांडणाच्या दिवसांत त्याचे मरण, बेखमीर भाकरीच्या दिवसांत कबरेतील विश्रांती, प्रथमपिकाच्या पेंढीच्या दिवशी पुनरुत्थान आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचे दान, येणेप्रमाणे पहिले चार सण पूर्ण झाले, असे ते म्हणतात. उरलेले तीन, म्हणजे कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस व मांडवांचा सण, हे त्याच्या पुनरागमनाच्या वेळी पूर्ण व्हावयाचे आहेत, अशी त्यांच्यातील अनेकांची समजूत आहे. ह्या मांडणीत सौंदर्य आहे, आणि ती श्रद्धेने वाचणाऱ्यास धीरही देते. कारण ज्याने अर्धे वचन पाळले तो उरलेले अर्धेही पाळील, असा भरवसा तिच्यात आहे.

हे सण आपल्यापासून फार दूरचे आहेत, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या कोकणात ते शतकानुशतके मराठी नावांनी साजरे होत आले. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल लोक खेड्यापाड्यांतून तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ शास्त्राचे ग्रंथ उरले नव्हते, पण सण उरले होते. नूतनवर्षाच्या दिवसास ते 'नव्याचा सण' म्हणत. नव्या तांदळाच्या खिरीवरून 'खिरीचा सण' झाला. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून उपास करीत. त्यास 'दारफाळणीचा सण' हे नाव पडले. पुढे ठाण्यास १८७९ साली त्यांनी जे सभास्थान बांधले, त्याच्या इब्री नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार' असा आहे. कल्याणहून मुंबईस जाणारी आपली गाडी रोज त्याच ठाण्यावरून जाते.

ह्या लोकांपासून शिकण्यासारखे एक आहे. हातात ग्रंथ नसता, पंचांगाचे गणित नसता, आपण कोणाचे आहोत एवढी आठवण सणाच्या जोरावर त्यांनी राखली. सणाचे पहिले काम हेच की, झालेला उपकार विसरू न देणे. पुढे काय होणार ह्याची आशा त्याच आठवणीतून उगवते. आठवणीचे मूळ तोडून केवळ भविष्याचे फळ तोडू पाहणारास हाती काहीच लागत नाही.

आता ही वाट कोठे चुकते ते पाहू. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या ग्रंथातील दिवसांची वर्षे करून प्रभूच्या येण्याचा हिशेब मांडला. आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस प्रायश्चित्ताच्या दिवसाशी जुळवून निश्चित केला. काहींनी शेतातले पीक कापलेसुद्धा नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सूर्य उगवला. इतिहासात ह्यास 'महान निराशा' असे म्हणतात. १९८८ साली दुसऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने यहूदी नूतनवर्षाच्या सणाचा आधार घेऊन त्या वर्षीच्या सप्टेंबराचा मुहूर्त सांगितला. त्याच्या पुस्तिका लाखांनी खपल्या, आणि तोही मुहूर्त टळला.

अलीकडील उदाहरण आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. २०१४ व २०१५ ह्या दोन वर्षांत मिळून चार खग्रास चंद्रग्रहणे झाली. दोन वल्हांडणास आली व दोन मांडवांच्या सणास. ताम्रवर्ण चंद्र पाहून काही नामांकित उपदेशकांनी तो जगाच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा संकेत ठरविला. वस्तुतः चंद्रग्रहण हे पौर्णिमेसच घडते. आणि वल्हांडण व मांडवांचा सण हे दोन्ही चांद्रमासाच्या मध्यावर, म्हणजे पौर्णिमेच्याच सुमारास येतात व त्यांच्यात सहा महिन्यांचे अंतर असते. ग्रहणेही बहुधा सहा सहा महिन्यांच्या अंतरानेच येतात. तेव्हा असा योग वारंवार येणे हे गणिताचे साधे फळ आहे. तीच ग्रहणे आपल्या पंचांगात पाहिली तर काय दिसते? १५ एप्रिल २०१४ व ४ एप्रिल २०१५ ह्या दोन्ही दिवशी हनुमान जयंती होती. ८ ऑक्टोबर २०१४ चे ग्रहण कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी आले आणि २८ सप्टेंबर २०१५ चे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणपती बोळवल्यावर. चंद्राने कोणत्याही एका धर्माचे पंचांग पाहून आपली चाल ठरविलेली नाही.

ह्याच उपदेशकांनी पूर्वीच्या अशाच एका ग्रहणमालिकेचा, म्हणजे १९४९–५० सालच्या, संबंध इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेशी जोडला. ते राष्ट्र स्थापन झाले १९४८ साली आणि ग्रहणे आली मागाहून. पण क्षणभर तेही सोडून देऊ. ह्याच १९४९ साली, ८ ऑगस्ट रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते आपल्या उल्हासनगराची कोनशिला बसली. मग ते ग्रहण आमच्यासाठी होते असे आम्ही का म्हणू नये? असल्या गणितात ज्यास जे हवे ते सापडते. आणि ज्या हिशेबात सर्वच उत्तरे बरोबर येतात, तो हिशेब नव्हे. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० पासून वालधुनीच्या काठी उभे आहे. त्याच्या दगडांनी अशी किती भाकिते उगवताना व मावळताना पाहिली असतील!

कोनशिलेचा विषय निघालाच आहे, तर राष्ट्रीय इतिहासाकडे वळू. विठ्ठलवाडी स्थानकावर उतरून उल्हासनगराच्या वस्तीत शिरणाऱ्यास आजही 'कॅम्प' हा शब्द पावलोपावली ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याची छावणी होती; तिच्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेले सुमारे लाखभर लोक त्यांत येऊन राहिले. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबांनी संसार मांडले. आज आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुलांचे पणजोबा त्या गाड्यांतून उतरले होते.

ह्या घटनेचा धार्मिक अर्थ लावण्याचा मोह होतो. कोणी म्हणेल, हा देवाचा न्याय होता; कोणी म्हणेल, राष्ट्रावर राष्ट्र उठेल ह्या वचनाची ही पूर्तता होती. आम्हांस हे दोन्ही अर्थ मान्य नाहीत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशूने स्वतःच पुढे केला आणि 'नाही' असे त्याचे उत्तरही दिले. दुसऱ्याच्या दुःखावर निकालपत्र लिहिण्याचा अधिकार त्याने आपल्या शिष्यांस दिलेला नाही.

तर मग ख्रिस्ती मनुष्याने त्या इतिहासात काहीच वाचू नये काय? वाचावे, पण आमोस संदेष्ट्याने शिकविले तसे वाचावे. इस्राएलास आपल्या निवडीचा गर्व झाला, तेव्हा त्याने त्यांस बजाविले की, ज्या देवाने तुम्हांस मिसरातून आणिले, त्यानेच पलिष्ट्यांस कफतोरातून व अरामी लोकांस कीरातून आणिले. म्हणजे एका जातीच्या निर्गमनाची कथा शास्त्रात सविस्तर लिहिली गेली, ह्याचा अर्थ इतरांची निर्गमने देवाच्या दृष्टीआड झाली असा होत नाही. कराचीच्या बंदरातून निघालेले आणि कल्याणच्या छावणीत उतरलेले लोकही त्याच दृष्टीखाली चालत आले. एवढे म्हणण्यास आम्हांस शास्त्राचा आधार आहे; ह्यापुढचे आम्ही बोलत नाही.

आणि ह्या लोकांनी बरोबर काय आणिले? पुष्कळसे मागे राहिले, पण सण बरोबर आले. ठट्ट्याच्या बादशहाने धर्म सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा सिंधू नदीच्या काठी चाळीस दिवस उपास व प्रार्थना करणाऱ्या आपल्या पूर्वजांस झुलेलालाने तारिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या जन्माचा चेटीचंड गुढीपाडव्याच्या लगत येतो. आणि त्या चाळीस दिवसांचा 'चालिहो' उल्हासनगरात दर पावसाळ्यात पाळिला जातो. आमच्या मंडळीतही पुनरुत्थानाच्या सणापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही; आणि चालिहो ही ख्रिस्ताचीच छाया होती असे सांगून शेजाऱ्याचा सण आपल्या खात्यावर जमा करून घेण्याची घाईही आम्हांस शोभणार नाही. पण संकटात सापडलेला मनुष्य वर पाहतो आणि सुटकेची वाट पाहतो, हे त्या सणातून आम्हांस उमगते. आणि ज्यास हे उमगले त्याच्याने शेजाऱ्याच्या सणास उणे बोलवत नाही.

माणसांस केवळ चिन्ह मानण्याने काय घडते, ह्याचे उदाहरण पुन्हा आपल्या बेने इस्राएल बांधवांच्याच इतिहासात आहे. १९४८ नंतर त्यांच्यातील हजारो लोक कोकण, मुंबई व ठाणे सोडून इस्राएलास गेले. 'विखुरलेले एकत्र होत आहेत, अंतकाळ आला,' असे म्हणून जगातील कित्येक ख्रिस्ती लोकांनी अशा स्थलांतरांचे स्वागत केले. पण तेथे पोहोचल्यावर ह्या मराठी बोलणाऱ्या माणसांच्या यहूदीपणाविषयीच शंका घेण्यात आली आणि त्यांच्या विवाहांत धर्माधिकाऱ्यांनी अडथळे आणिले. त्यांस निषेध करावा लागला, उपोषणे करावी लागली. तेव्हा कोठे १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे जाहीर केले. भाकिताच्या वहीत त्यांची संख्या मांडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या ह्या दुःखाची विचारपूस केली असेल? खूण वाचून झाली की मनुष्य ती मागे टाकून पुढे जातो. शेजाऱ्यास असे मागे टाकता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, 'मग प्रभूच्या पुनरागमनाची शिकवण गुंडाळून ठेवावी, हाच तुमचा आशय ना?' मुळीच नव्हे. ज्या न्यायाची दाद पृथ्वीवर लागली नाही ती एके दिवशी लागेल, पुसले न गेलेले अश्रू पुसले जातील, ही आशा काढून घेतली तर आमच्या धर्मात थोडेच उरेल. मात्र ती आशा बाळगणारा मनुष्य कसा वागतो, हे पाहावयाचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून अनाथ मुली व विधवा आणून केडगाव येथे आश्रय दिला. तेथील 'मुक्ती' मंडळीत १९०५ च्या जून महिन्यात जी आध्यात्मिक जागृती झाली, तिची वार्ता देशोदेशी गेली. आणि शेवटल्या दिवसांत आत्मा ओतला जाईल हे योएलाचे भाकीत पूर्ण होत आहे, असे अनेकांस वाटले. ह्या दिवसांत रमाबाईंनी काय केले? विहिरी, शेती, गोठा, विणकाम, छापखाना, अंध मुलींची शाळा, ह्यांतील काहीही थांबविले नाही. उलट पुढील कित्येक वर्षे इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. ते काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. प्रभू उद्याच येणार अशी ज्यांची तयारी होती, त्यांनी शंभर वर्षे पुरेल असे काम मागे ठेविले. ह्यात विसंगती नाही. जो धनी यावयाचा आहे तो झोपलेल्या नोकरावर प्रसन्न होईल, असे कोणी सांगितले आहे?

वर्गात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचे उत्तरही ह्यातच आहे. थेस्सलनीका येथील काही ख्रिस्ती लोक प्रभू लवकरच येणार म्हणून कामधंदा सोडून बसले होते. पौलाने त्यांस आकाशाकडे डोळे लावून बसण्याची शाबासकी दिली नाही. स्वतःच्या कष्टाची भाकर खावी, असे खडसावून सांगितले. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगतो की, जग उद्या संपणार असो वा हजार वर्षांनी, आज समोर असलेले बीजगणित आजच सोडविले पाहिजे.

शुभवर्तमानातील क्रमच पाहा. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य 'चिन्ह काय?' असे विचारतात. येशू त्यांस युद्धे, दुष्काळ व भूकंप सांगतो. पण तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही, असे बजावतो. आणि त्याच भाषणाच्या शेवटी, पंचविसाव्या अध्यायात, राजा सिंहासनावर बसून निवाडा करतो तेव्हा एकासही ग्रहणाची तिथी विचारीत नाही. भुकेल्यास अन्न दिले का, तान्हेल्यास पाणी दिले का, परक्यास घरात घेतले का, एवढेच विचारतो. चिन्हाच्या प्रश्नास मिळालेले अखेरचे उत्तर म्हणजे दारात उभा असलेला परका होय.

आमच्या ह्या स्थळाच्या नावातच विठ्ठल आहे, आणि त्याची कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. देव दाराशी आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने हातातले काम न सोडता देवास उभे राहण्यासाठी वीट पुढे केली. ही कथा आमच्या वारकरी शेजाऱ्यांची आहे. तिला ख्रिस्ती भाकीत ठरविण्याचा आमचा विचार नाही. पण धनी आला तेव्हा जो नोकर आपल्या कामात सापडला तो धन्य, असे येशूने सांगितले, त्याचा अर्थ विठ्ठलवाडीच्या मुलास समजावून देण्यास ह्याहून जवळचे उदाहरण आम्हांस सापडत नाही.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. अशा पुरात नोहाचे दिवस पाहणारे लोक त्या दिवशीही असतील. परंतु त्याच पाण्यात होड्या घालणारे जवान आणि मदतीस धावलेले आसपासचे गावकरी ह्यांच्यामुळे सुमारे हजार प्रवासी सुखरूप बाहेर आले. गावकऱ्यांनी उतारूंची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. काळाची चिन्हे वाचावयाचीच असतील तर हेही एक चिन्ह म्हणून वाचावे, अशी आमची विनंती आहे; कारण देवाचे राज्य कसे असेल ह्याची चुणूक भयापेक्षा अशा कृत्यांतच अधिक दिसते.

पालकांस आमचे एवढेच सांगणे की, मुलांच्या कोवळ्या मनावर अंताचे भय घालू नये. भयाने वळलेले मूल भय ओसरले की पुन्हा पूर्वपदावर येते. त्यापेक्षा सण आला की त्यामागील उपकाराची गोष्ट त्यांस सांगावी. आपलीही सांगावी आणि शेजाऱ्याची त्याच्याच तोंडून ऐकवावी. घरातील वडीलधारे बराकीतले दिवस आठवीत असतील तर मुलांनी जवळ बसून ऐकावे. राष्ट्राचा इतिहास तेथेच सुरू होतो. आणि एखाद्या तारखेचा संदेश आला तर तो पुढे धाडण्यापूर्वी पंचांग उघडावे, शास्त्र उघडावे, आणि दार उघडून बाहेर कोणी उभे आहे का तेही पाहावे.